१२० अंशांचा वनवास

आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जेवण मिळत नाही. त्या वेळी तिथे घनदाट जंगल असते, जंगलात एक पडका किल्ला असतो आणि आम्ही चार वाटसरू फाशांच्या भरवशावर त्या किल्ल्याचा माग काढीत असतो. खेळ चालवणारा माझा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खेळणारे म्हणजे त्याचे दोन मित्र, मी आणि शेजारचे काका. काकांनी उभी हयात भूकरमापक म्हणून शेतांचे बांध मोजण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावरही मोजणीची साखळी मनाने खाली ठेवलेली नाही.

भाचा प्रसंगाचे वर्णन करतो, आम्ही काय करणार ते सांगतो, ते जमले की फसले हे फासे ठरवतात आणि आम्ही पुढे सरकू तसतसा नकाशा उलगडत जातो. हा नकाशा आम्ही पूर्वी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर पेन्सिलीने काढत असू. दर शनिवारी नवा कागद, नव्या रेघा, आणि रविवारी सकाळी आमच्या राज्याच्या राजधानीवर आई मेथी निवडत बसलेली. या प्रकाराला कंटाळून एका बेसावध क्षणी मी म्हणालो, की पुन्हा पुन्हा मांडता येतील आणि पुसता येतील अशा सुट्या षटकोनी टाइल्सच आपण का करू नयेत? एकदाच काय ते कष्ट करायचे आणि मग जन्मभर खेळायचे. हे मी बोललो तेव्हा आषाढ चालू होता. शेवटची टाइल हातात आली तेव्हा घरात तिळगूळ वळणे चालले होते.

टाइल्स चौकोनी केल्या असत्या तर दोन दिवसांत सुटका झाली असती, हे मला मान्य आहे. पण चौकोनावर काकांचा पहिल्यापासून आक्षेप होता. बाजूच्या घरात जायला एक पाऊल आणि तिरप्या घरात जायलाही एकच पाऊल, हा त्यांच्या मते उघडउघड जमिनीचा घोटाळा होता, कारण तिरपे अंतर सरळ अंतराच्या १.४१ पट भरते. "म्हणजे तिरपा चालेल त्याला चाळीस टक्के वाट फुकट! असल्या नकाशावर मी सही केली नसती," असे ते म्हणाले आणि त्या रात्री खरोखरच एका घरातून दुसऱ्या घरात तिरपे गेले नाहीत. षटकोनात ही भानगड नाही, कारण सहाही शेजाऱ्यांचे मध्य आपल्या मध्यापासून सारख्याच अंतरावर असतात. युद्धाचे खेळ काढणाऱ्या ॲव्हलॉन हिल या अमेरिकन कंपनीने गेटिसबर्गच्या लढाईवरचा आपला खेळ १९५८ साली चौकोनांवर काढला आणि १९६१ च्या आवृत्तीत षटकोनांवर आणला. काकांना हे कळल्यावर, आपले म्हणणे तीन वर्षांत पटले म्हणजे ती कंपनी सरकारी नसावी, एवढाच निष्कर्ष त्यांनी काढला.

भाच्याने मधमाश्यांचाही दाखला दिला. सपाटीचे सारख्या क्षेत्रफळाचे तुकडे कमीत कमी कुंपण घालून पाडायचे तर षटकोनाला पर्याय नाही, याची सिद्धता टॉमस हेल्स या गणितज्ञाने १९९९ साली मांडली आणि मधमाश्या ते काम सिद्धतेची वाट न पाहता करीत आल्या आहेत. मला एवढेच म्हणायचे आहे, की मधमाशीला तिची राणी "अहो, हा पसारा कधी आवरणार?" असे दर अर्ध्या तासाने विचारीत नाही.

मध्यभागी एक टाइल, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा आणि त्यांच्याभोवती अठरा, असा सदतीस टाइल्सचा मुलूख आम्ही मुक्रर केला. प्रत्येकीची बाजू पाच सेंटिमीटर. आईने उत्साहाने तिच्या डब्यातले ॲल्युमिनियमचे षटकोनी २० पैशांचे नाणे नमुना म्हणून आणून दिले. २०११ साली ते चलनातून गेले तरी तिच्या डब्यात अजून तशी पंधरा-वीस आहेत आणि सरकारचे मन बदलेल अशी तिला आशा आहे. नाण्याचे कोपरे गोलसर असल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही, म्हणून मी शाळेतल्या कंपासपेटीकडे वळलो. कंपासने वर्तुळ काढायचे, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर सहा खुणा करायच्या आणि खुणा जोडायच्या, एवढीच ही कृती आहे आणि पाचवीतली मुले ती हसतखेळत करून वर फुलाच्या पाकळ्यासुद्धा रंगवतात. मी पुठ्ठ्यावर तसे सात षटकोन काढले, कटरने कापले आणि एका टाइलभोवती बाकीच्या सहा मांडून पाहिल्या. पाच बसल्या. सहावी गर्दीच्या बसमधल्या तिसऱ्या सीटसारखी अर्धी आत आणि अर्धी बाहेर राहिली.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून कोनमापक लावला. प्रत्येक कोन १२० अंशांचा हवा होता; एक भरला ११९, दुसरा १२२. "अहो, सहा कोनांची बेरीज ७२० भरलीच पाहिजे. इथे एक अंश खाल्लात तर तो तिथे बाहेर येणारच. गावकीतही असंच असतं." एका बिंदूपाशी तीन टाइल्स भेटतात, प्रत्येकीने एकेक अंश कमी टाकला तर पाच सेंटिमीटरच्या बाजूच्या पलीकडच्या टोकाला अडीच मिलिमीटरची फट पडते. ऐकायला हे काहीच नाही. पण त्या फटीच्या जोरावर पुढची टाइल तिरकी बसते, तिच्या जोरावर त्यापुढची, आणि मुलखाच्या सरहद्दीपर्यंत पोहोचेतो षटकोनांचा तो मेळा भाऊबंदकीला लागलेला असतो. काकांनी त्यांतल्या दोन टाइल्सवर पेन्सिलीने 'फेरमोजणी' असे लिहून सही केली.

मग माझ्या हाताला या प्रकरणातून काढून टाकायचे ठरले. भाच्याने संगणकावर अचूक षटकोन काढले आणि मी ते छापायला घेऊन गेलो. छापणाऱ्या मुलाने कडेला काही कापले जाऊ नये म्हणून, न विचारता, अतिशय प्रेमाने 'पानात बसवा' हा पर्याय निवडला. त्याने प्रत्येक षटकोन तीन टक्क्यांनी आक्रसला आणि घरी आल्यावर माझ्या पुठ्ठ्यांना चहूबाजूंनी भगवान शंकरापेक्षाही अपुरे वस्त्र मिळाले. ज्या आमच्या नाशिकात १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात, तिथे माझे सदतीस षटकोन मापात छापून मिळायला तीन खेपा पडल्या, ही गोष्ट मी नोंदवून ठेवतो.

मापात छापलेले कागद मी पुठ्ठ्यांवर सढळ हाताने पांढरा डिंक लावून चिकटवले आणि समाधानाने झोपलो. सकाळी सदतीसच्या सदतीस टाइल्स द्रोणासारख्या वळल्या होत्या. आईला वाटले, की सत्यनारायणाच्या प्रसादाची ही काही नवी सोय आहे, आणि तिने एकीत शेंगदाणे घालूनही पाहिले. ते छान राहिले. रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या बाइंडरला मी एक नमुना दाखवला, तेव्हा त्याने तो उलटसुलट करून माझ्याकडे डॉक्टर पाहतात तसे पाहिले. "साहेब, कागद ओला झाला की फुगतो आन् वाळला की आकसतो. आकसताना पुठ्ठ्याला ओढून घेतो. पाठीमागून पण कागद लावा, म्हंजे दोघं दोन बाजूनी ओढतील आन् पुठ्ठा गप बसंल." आमच्या घरात आई एका बाजूने आणि सौभाग्यवती दुसऱ्या बाजूने ओढत असल्यामुळे पुठ्ठ्याची स्थिती मला ताबडतोब समजली. दोन्ही बाजूंनी कागद लावून, वर अभियांत्रिकीच्या चार जाड पुस्तकांचे वजन ठेवून केलेल्या टाइल्स सपाट झाल्या. त्या पुस्तकांचा त्या वर्षातला तो पहिलाच उपयोग होता, असे भाचा स्वतःच म्हणाला.

तरीही हाताने कापलेल्या कडा त्या हाताने कापलेल्याच. शेवटी अंबडच्या एका कारखान्यातून तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, टाइल्स लेझरवर कापून घेतल्या. त्या पहिल्या फटक्यात जुळल्या, आणि सहा महिन्यांत जे झाले नाही ते वीस मिनिटांत झाले म्हणून मला आनंदाऐवजी थोडा अपमानच वाटला. कडा जळून काळ्या झाल्या होत्या; त्या काजळीचे ठसे अजून आमच्या टेबलक्लॉथवर आहेत आणि त्यांचा उल्लेख घरात अधूनमधून होतो. वर चित्रे लावली, त्यावर पारदर्शक फिल्म चढवली, म्हणजे मार्करने लिहून पुसता यावे. भाच्याच्या मित्राने पहिल्याच दिवशी पक्क्या शाईच्या पेनाने किल्ल्याभोवती खंदक काढला. अशा शाईवर पांढऱ्या फळ्याच्या मार्करने पुन्हा गिरवून लगेच पुसले, की मार्करमधल्या द्रावकात जुनी शाई विरघळते आणि दोन्ही एकदम निघून जातात. हे ज्ञान मला या उद्योगातून मिळालेली एकमेव शुद्ध कमाई आहे.

चित्रांमध्ये नदीने फार छळले. नदी टाइलच्या बाजूच्या बरोबर मध्यातून आत आली आणि दुसऱ्या एखाद्या बाजूच्या मध्यातून बाहेर पडली, तरच टाइल कशीही फिरवली तरी प्रवाह शेजारणीशी जुळतो. असे पाहिले तर नदीचे तीनच प्रकार उरतात: सरळ जाणारी, हलके वळण घेणारी आणि लगतच्याच बाजूने बाहेर पडणारी, म्हणजे गर्रकन वळणारी. मला गर्रकन वळणारी नदी दिसायला आवडली म्हणून मी तशा टाइल्स जास्त केल्या. मांडताना त्यांतल्या तीन एका बिंदूपाशी एकत्र आल्या आणि नदी तिसऱ्या टाइलमधून निघून पुन्हा पहिलीत शिरली. तिला उगम नव्हता, संगम नव्हता, समुद्र नव्हता. ती नुसती गोल फिरत होती. ब्रह्मगिरीला श्रावणात लोक प्रदक्षिणा घालतात हे आम्हाला ठाऊक होते, पण नदीनेच स्वतःला प्रदक्षिणा घातलेली नाशिककरांनी प्रथमच पाहिली. आई म्हणाली, "रामकुंडापाशी गोदावरी वळते, पण वळून पुढं जाते हो!" त्या तीन टाइल्सना आम्ही तळे म्हणून जाहीर केले.

गुळगुळीत टेबलावर टाइल्स घसरत, म्हणून खाली ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी घातली. काकांनी पट्टी लावून सर्व सांधे तपासले आणि मान हलवली. संक्रांतीनंतरच्या शनिवारी आम्ही पहिली टाइल मांडली. तिच्यावर एक गाव होते, गावात बाजार होता, आणि पुढचे छत्तीस षटकोन खोक्यात पालथे ठेवून भाचा हात चोळत बसला होता. किल्ल्याकडे जायचे तर सामान वाहायला जनावर हवे, असे काका म्हणाले. भाच्याने एक गाढव विकायला उभे केले. टाइलवर आईचे २० पैशांचे नाणे गाढव म्हणून ठेवले गेले. विकणाऱ्याने पाच होन सांगितले. काकांनी गाढवाचे दात पाहिले, वय विचारले, ते मूळ मालकाच्या नावावर आहे का याचा कागद मागितला आणि दीड होन देऊ केला.

त्याला आता चार शनिवार झाले. छत्तीस टाइल्स खोक्यातून बाहेर निघालेल्या नाहीत. काल रात्री विकणारा साडेतीन होनांवर आला, पण काका म्हणतात, की वारसांची हरकत नाही असे पंचांसमक्ष लिहून मिळाल्याखेरीज ते दोनच्या वर जाणार नाहीत.