सी येतं म्हणून व्हेरिलॉग येत नाही

व्हेरिलॉग आणि व्हीएचडीएल या चिपमधल्या सर्किटचं वर्णन लिहायच्या भाषा; सी ही नेहमीची प्रोग्रामिंगची भाषा. प्लेसमेंटच्या दिवसांत मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘सी येतं ना? मग व्हेरिलॉग आठवड्यात होतं. सिंटॅक्स तोच, लूप तेच. सिम्युलेशन (कॉम्प्युटरवरची चाचणी) पास झालं की डिझाइन झालं. व्हीएचडीएल तर संपलंच.’ इलेक्ट्रॉनिक्सची हुशार मुलंही याला फसतात, म्हणून हे लिहितोय.

सिंटॅक्स मिळताजुळता आहे, हे खरं. १९८०च्या दशकात गेटवे डिझाइन ऑटोमेशनमध्ये व्हेरिलॉग तयार झालं, ते सीच्या वळणावरच. पण सीची ओळ प्रोसेसरला दिलेला हुकूम असते, व्हेरिलॉगची ओळ सर्किटचं वर्णन. क्लॉकवर, म्हणजे सर्किटच्या ठरावीक ठोक्यावर, चालणाऱ्या कोडच्या तुकड्यात (ऑलवेज ब्लॉक) दोन ओळी लिहा: क्यू१ मध्ये डी, मग क्यू२ मध्ये क्यू१. नॉन-ब्लॉकिंग असाइनमेंट (<= हे चिन्ह, सगळ्या ओळी एकदम लागू) असेल तर क्यू२ ला क्यू१ ची जुनी किंमत मिळते, म्हणजे एकामागे एक जोडलेले, प्रत्येकी एक बिट साठवणारे दोन फ्लिप-फ्लॉप. ओळींची अदलाबदल केली तरी सर्किट तेच. आता पहिल्याच क्रमात, सीच्या सवयीने नुसतं बरोबरचं चिन्ह टाका. डी एकाच क्लॉकला दोन्हीकडे पोचतो आणि ती साखळी, म्हणजे शिफ्ट रजिस्टर, मोडतं. हा फरक हाडात मुरायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं.

लूपचंही तसंच. सीमधला लूप वेळ खातो, सिंथेसिसमधला, म्हणजे कोडचं सर्किट बनतानाचा, फॉर लूप जागा खातो. ३२ फेऱ्यांत बेरीज लिहिली, तर सर्वसाधारणपणे ३२ ॲडरची (बेरीज करणाऱ्या सर्किटांची) साखळी उभी राहते. ती एका क्लॉकमध्ये पार होत नसेल तर टायमिंग फेल.

सिम्युलेशन पास होणं ही तर निम्मीच वाट. कोडमध्ये लिहिलेला ‘दहा नॅनोसेकंद थांब’ हा डिले सिंथेसिस टूल सोडून देतं. क्लॉक नसलेल्या कॉम्बिनेशनल ब्लॉकमध्ये एल्स राहून गेलं की न मागितलेला लॅच, म्हणजे जुनी किंमत धरून ठेवणारं सर्किट, तयार होतो. माझ्या पहिल्या एफपीजीए (हवं ते सर्किट भरता येणारी चिप) बोर्डवर एक एलईडी पेटला तो विझेचना. टेस्टबेंचमध्ये, म्हणजे सिम्युलेशनसाठी लिहिलेल्या चाचणीच्या कोडमध्ये, नेमकी तीच स्थिती मी तपासली नव्हती. सिंथेसिस रिपोर्टात लॅचची वॉर्निंग स्पष्ट छापलेली होती.

राहिलं व्हीएचडीएल. ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रकल्पातून आलं आणि १९८७मध्ये आयईईईचं स्टँडर्ड झालं. त्याची सुधारित आवृत्ती २०१९मध्ये आली. युरोपच्या अंतराळयानांत वापरले जाणारे लिऑन प्रोसेसर व्हीएचडीएलमध्येच लिहिलेले आहेत. भारतात चिपच्या नोकऱ्यांसाठी सिस्टिमव्हेरिलॉग (व्हेरिलॉगचंच वाढवलेलं रूप) जास्त विचारतात, हे मान्य. पण आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर ब्लूस्पेक या तिसऱ्याच हार्डवेअर भाषेत लिहिलेला आहे. त्याचं व्हेरिलॉग माणूस लिहीत नाही, कंपायलर बनवतो.