प्लगमध्ये खोचायचा डबा आणि सोलापूरचं वीजबिल

‘मीटरजवळच्या सॉकेटमध्ये हा पॉवर सेव्हर लावा, बिल ४० टक्के कमी’ हा मेसेज उन्हाळा लागला की सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतो. त्यातले दावे एकेक करून बघू.

‘वाया जाणारी वीज साठवून परत देतो.’ डबा उघडला तर आत एक एलईडी, दोन-चार डायोड-रेझिस्टर आणि छोटा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) निघतो. समजा तो ४ मायक्रोफॅरडचा आहे. २३० व्होल्टवर त्यात फार तर ०.२ ज्यूल मावतात. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल!

‘व्होल्टेज स्थिर ठेवतो.’ त्याला स्टॅबिलायझर लागतो, ट्रान्सफॉर्मरवाला, जड. हा तळहातावर मावतो.

‘अँपिअर कमी झालेले डोळ्यांनी पाहिले.’ पाहिले असतील, खोटं नाही. विक्रेता रिकामी फिरणारी मोटर लावतो. तिचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा) ०.५ धरला तर ०.८ अँपिअरला ती ९२ वॅट खाते. डबा लावला की क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून अँपिअर मोजणारा) ०.५७ दाखवतो, पण वॅट ९२ च राहतात. घरगुती मीटर वॅट-तास मोजतो, अँपिअर नाही. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत, जिथे केव्हीएएचवर (वॅटवर नाही, व्होल्ट गुणिले अँपिअरवर) बिल येतं तिथे, कपॅसिटरला खरंच अर्थ आहे. पण तिथेही माग बंद झाल्यावर कपॅसिटर चालू राहिला की पॉवर फॅक्टर लीडिंग जातो, म्हणजे उलट्या बाजूने बिघडतो.

‘आमचं बिल उतरलं की!’ डबा मे अखेरीस घेतला, जूनमध्ये पाऊस आला, कूलर बंद झाला. श्रेय डब्याला. तुलना करायचीच तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे युनिट घ्या आणि बिलाच्या दिवसांनी भागा.

खरी बचत पंख्यात आहे. जुना ७५ वॅटचा काढून ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा, कमी वीज खाणारा) लावला, रोज १५ तास चालवला, तर महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. कूलरच्या जाळीवर आपल्या जड पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर तोही काढा. हवा अडते, गारवा येत नाही आणि कूलर उगाच जास्त वेळ चालतो.

डबा आधीच घेतला असेल तर घरीच तपासा. फ्रीज, पंप बंद करा, ७५ वॅटचे चार पंखे फुल स्पीडवर ठेवा. मीटरवर ३२०० इम्पल्स (म्हणजे एका युनिटला दिवा इतक्या वेळा लुकलुकणार) लिहिलं असेल तर लाल दिवा मिनिटाला १६ वेळा लुकलुकतो. दहा मिनिटं डब्याशिवाय मोजा, दहा मिनिटं डब्यासह. डबा काढताना पिनांना हात लावू नका, स्वस्त मालात कपॅसिटर रिकामा करणारा डिस्चार्ज रेझिस्टर नसला तर चटका बसतो. दोन्ही वेळा आकडा १६० च्या आसपासच येईल. दुसऱ्यांदा बराच कमी आला तर आधी बघा, घरातल्या कुणी एखादा पंखा बंद केला नाही ना.