लसीला सोडत लावून रांग वाढत नाही

एक संदेश अजून गटागटांतून फिरतो आहे. गोवराची मोहीम असो की मुलींच्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या) लसीची चर्चा, तो पुन्हा वर येतोच. मजकूर साधारण असा: "लोकांना समजावत बसू नका. अमेरिकेत ओहायोने लॉटरी लावली आणि लसीला रांगा लागल्या. आपल्याकडे हिंगोलीतही बक्षिसं ठेवली होती. आपला माणूस फुकटच्या मागे धावतो. लॉटरी लावा, खर्च कमी आणि नुकसान शून्य." हे मला अजिबात पटत नाही, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

आधी ओहायो. मे २०२१ मध्ये त्या राज्याचे गव्हर्नर माइक डिवाइन यांनी कोरोनाची लस घेतलेल्या प्रौढांसाठी १० लाख डॉलरच्या ५ साप्ताहिक सोडती जाहीर केल्या, मुलांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या. घोषणेनंतर आकडे चढले, हे खरं आहे. पण त्याच आठवड्यात अमेरिकेत १२ ते १५ वर्षांच्या मुलांना लस खुली झाली होती, म्हणजे एकूण आकडा तसाही चढणारच होता. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ओहायोतल्या प्रौढांची तुलना उरलेल्या अमेरिकेशी केली, तेव्हा लॉटरीमुळे लसीकरण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. पुढे १९ राज्यांच्या लॉटऱ्या एकत्र तपासल्या, तिथेही तेच. काही अर्थतज्ज्ञांनी वेगळ्या पद्धतीने हिशेब मांडून थोडी वाढ दाखवली आहे, तीही फार तर लाखभर लोकांची, आणि राज्याची लोकसंख्या एक कोटी अठरा लाखांच्या आसपास. रांगा लागल्या असं म्हणायला एवढ्यात आधार नाही.

"आपला माणूस फुकटच्या मागे धावतो." या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांनी पहिल्या डोसमध्ये मागे पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली. त्यात औरंगाबाद, नांदेड आणि हिंगोली होते. का मागे पडलो? ते दिवस आठवा. सोयाबीन नुकतंच निघालं होतं, कापसाची वेचणी चालू होती आणि ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडत होत्या. वेचणीला मजुरी किलोवर मिळते. लस घेतली आणि दोन दिवस ताप आला, तर दोन दिवसांची मजुरी बुडाली. आशाताई दारात गेली की बायका सरळ विचारायच्या, "माय, ताप आला तर कापूस कोण येचणार?" हा लोभी बाईचा प्रश्न नाही, घर चालवणाऱ्या बाईचा आहे. ऊसतोडीचं तर आणखी अवघड. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, नवराबायकोच्या जोडीचा मिळून एक कोयता धरतात, आणि एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पहिला डोस गावात घेतलेल्या माणसाचा कोविशील्डचा दुसरा डोस ८४ दिवसांनी यायचा. तोवर तो पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या फडात असायचा.

अशा माणसासमोर टीव्हीची सोडत ठेवली, तर त्याला काय मिळालं? एक चिठ्ठी. ती निघाली तर निघाली. बुडणारी मजुरी मात्र पक्की. हिंगोली नगरपालिकेने डिसेंबर २०२१ मध्ये टीव्ही, वॉशिंग मशीन अशी बक्षिसं ठेवली, त्यामागचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शहरात राहणारा, केंद्र जवळ असलेला, आज ना उद्या लस घेणारच असा माणूसच सोडतीला आधी सापडतो. जो खरोखर अडला आहे तो सोडतीच्या टप्प्यात येतच नाही.

तेव्हा काही जण दुसऱ्या टोकाला गेले. औरंगाबादेत लशीचा किमान एक डोस नसेल तर पेट्रोल, गॅस आणि रेशन नाही, असा आदेश निघाला. पेट्रोलचं एक वेळ समजू शकते, पण गरिबाचं रेशन अडवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

"लॉटरीला खर्च कमी." मग उदयपूरचा हिशेब बघा. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ गावांत सेवा मंदिर या संस्थेबरोबर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी बालकांच्या लसीकरणाचा प्रयोग केला. काहीच वेगळं न केलेल्या गावांत ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं. दर महिन्याला ठरल्या दिवशी, न चुकता शिबिर भरलं तिथे १८ टक्के. शिबिराबरोबर प्रत्येक लशीला एक किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला, तिथे ३९ टक्के. आणि डाळ देऊनही दर मुलामागचा खर्च नुसत्या शिबिराच्या जवळपास निम्माच आला, कारण नर्सचा पगार तेवढाच राहिला आणि मुलं दुपटीने आली. ही डाळ प्रत्येकाला, हमखास, त्याच दिवशी हातात मिळत होती. स्वीडनमध्येही २०२१ मध्ये एका प्रयोगात लस घेणाऱ्या प्रत्येकाला २०० क्रोनर (तिथलं चलन) देऊन पाहिले, तेव्हा दर शंभरात सुमारे ४ जण जास्त लसीला आले. म्हणजे मोबदला देण्याला माझा विरोध नाही. तो नशिबावर टाकण्याला आहे.

"नुकसान शून्य" हेही खरं नाही. लस घेतलेला दोन वर्षांत मरतो, मूल होत नाही, अशा अफवा गावोगाव पोचल्या होत्या. त्यात सरकार टीव्ही वाटतंय म्हटलं की शंका वाढते: एवढं चांगलं औषध असेल तर वर बक्षीस कशाला? आणीबाणीतल्या नसबंदीच्या मोहिमा आठवणारी माणसं अजून गावात आहेत. त्या वेळीही पैसे दिले जायचे आणि मागून सक्ती यायची. अशा घरात लॉटरीची जाहिरात नेऊन उपयोग नाही. तिथे ओळखीची आशाताई बसून बोलते, लस टोचलेला स्वतःचा दंड दाखवते, तेव्हा पुढचं बोलणं सुरू होतं.

तेव्हा पुढच्या मोहिमेला पैसे असतील तर ते असे खर्च करा: शिबिर संध्याकाळी, मजूर रानातून परतल्यावर भरवा, आणि ते रद्द होऊ देऊ नका. लस घेणाऱ्या प्रत्येकाला किलोभर डाळ किंवा गोडेतेलाची पिशवी द्या. तापाच्या गोळ्या मोजून हातात द्या. दिवाळीनंतर टोळ्या गेल्या की लस कारखान्याच्या फडात न्या, आणि त्या दिवसाचा खाडा मुकादमाने कापायचा नाही, हे कारखान्याकडून लेखी घ्या.