‘स्लो ट्रेन कमिंग’ आपटला होता म्हणे!

अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनचं नाव निघालं की एक गोष्ट कुणीतरी हमखास पुढे सरकवतं. ती साधारण अशी : १९७९ मध्ये डिलनच्या डोक्यात येशू शिरला. त्या भरात त्याने ‘स्लो ट्रेन कमिंग’ नावाचा प्रवचनी अल्बम काढला. तो सपशेल आपटला, मैफलीतून लोक उठून गेले. तीन वर्षांत स्वारी ताळ्यावर आली, गुपचूप आपल्या ज्यू धर्मात परतली आणि ती गाणी त्याने पुन्हा कधी तोंडातूनही काढली नाहीत. शेवटी एक टोमणाही जोडलेला असतो : तसाही सगळा धंदाच होता तो!

गोष्ट चटकदार आहे, म्हणूनच फिरते. पण तिचं एकेक वाक्य घेऊन पडताळायला बसलं की बरंचसं गळून पडतं. आणि त्या काळावर खरोखर टीका करण्यासारखं जे आहे, त्याचा तिच्यात उल्लेखच नसतो.

आधी ‘आपटला’चं बघू, कारण ते सगळ्यात सोपं. ‘स्लो ट्रेन कमिंग’ ऑगस्ट १९७९ मध्ये आला. अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, ब्रिटनमध्ये दुसऱ्या. अमेरिकेत प्लॅटिनम ठरला, म्हणजे दहा लाखांचा टप्पा. त्याआधीचा, १९७८ चा ‘स्ट्रीट-लीगल’ अमेरिकेत अकरावर थांबला होता. अल्बममधलं पहिलंच गाणं, ‘गॉटा सर्व्ह समबडी’, एकेरी गाण्यांच्या यादीत चोविसाव्या क्रमांकावर पोचलं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये त्याला सर्वोत्तम पुरुष रॉक गायनाचं ग्रॅमी मिळालं. डिलनचं स्वतःच्या एकट्याच्या नावावरचं हे पहिलं ग्रॅमी. त्याआधीचं होतं ते ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’च्या अल्बमचं, आणि ते जॉर्ज हॅरिसन, रविशंकर वगैरे मंडळींसोबत वाटून घेतलेलं. साठच्या दशकातल्या ज्या गाण्यांसाठी आपण त्याला डोक्यावर घेतो, त्यांच्या गायनाला ग्रॅमी मिळालं नव्हतं. मिळालं ते या ‘प्रवचना’ला.

आणखी एक आकडा फार बोलका आहे. ज्या अल्बमने डिलन ‘माणसांत परत आला’ असं म्हणतात, तो १९८३ चा ‘इन्फिडेल्स’ अमेरिकेत विसाव्या क्रमांकावर थांबला. ‘स्लो ट्रेन’नंतर डिलनच्या स्वतःच्या अल्बमला तिथे पहिल्या दहात यायला थेट १९९७ उजाडावं लागलं. तेव्हा ‘येशूपायी बाजार गेला’ हे गणित कुठल्याच बाजूने जुळत नाही.

मग ही समजूत आली कुठून? तर तीन अल्बम एकात कालवल्यामुळे. १९८० चा ‘सेव्ह्ड’ अमेरिकेत चोविसावर आणि १९८१ चा ‘शॉट ऑफ लव्ह’ तेहेतिसावर अडकला. घसरण खरी आहे, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या अल्बमची. तिसऱ्याचं अपयश पहिल्याच्या गळ्यात बांधायचं काही कारण नाही.

आता धंद्याचं. एकाच दमात ‘आपटला’ही म्हणायचं आणि ‘धंदा होता’ही म्हणायचं, हे मोठं कसब आहे, असो. आरोपाला थोडा आधार जरूर आहे. ‘पुनर्जन्म झालेले’, म्हणजे येशूचा स्वतः अनुभव येऊन याच जन्मी आयुष्य नव्याने सुरू झालं असं मानणारे, ख्रिस्ती त्या काळात अमेरिकेत चर्चेत होते. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतःला उघडपणे तसं म्हणवून घेत. डिलनची घडीही विस्कटलेली होती. १९७७ मध्ये घटस्फोट, १९७८ च्या सुरुवातीला स्वतः दिग्दर्शित केलेला ‘रेनाल्डो अँड क्लारा’ हा लांबलचक चित्रपट पडला, आणि त्या वर्षीच्या शंभराहून जास्त प्रयोगांच्या जगदौऱ्याला वर्तमानपत्रांनी ‘पोटगी दौरा’ म्हणून हिणवलं. याच दौऱ्यात, नोव्हेंबरमध्ये सॅन दिएगोच्या मंचावर कुणीतरी फेकलेला चांदीचा छोटा क्रूस त्याने उचलून खिशात टाकला. मग अ‍ॅरिझोनातल्या हॉटेलच्या खोलीत आपल्याला येशूचं सान्निध्य जाणवलं, असं तो पुढे सांगत असे. त्याचा हा अनुभव खरा की खोटा, हे बाहेरून ठरवणारे आपण कोण? त्यानंतर त्याने काय केलं, ते मात्र बघता येतं.

१९७९ च्या सुरुवातीचे महिने तो लॉस एंजेलिसजवळच्या विनयार्ड फेलोशिप या लहानशा मंडळीच्या बायबल वर्गाला इतर विद्यार्थ्यांसारखा जाऊन बसत होता. अल्बम गाजला, आणि नोव्हेंबर १९७९ पासून पुढच्या मे महिन्यापर्यंतच्या दौऱ्यांत या पठ्ठ्याने एकही जुनं गाणं म्हटलं नाही. एकसुद्धा नाही! ज्यांच्या जोरावर तिकिटं खपत होती ती सगळी गाणी बासनात, आणि मंचावर फक्त नवी. त्यातली बरीचशी तर तोवर प्रसिद्धही झाली नव्हती. धंदा करणारा माणूस चालणारा माल फळीवरून काढून ठेवत नाही.

आता मला सगळ्यात खटकतो तो मुद्दा : हे संगीत नव्हेच, टाळ्या वाजवत म्हटलेलं प्रवचन आहे. असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी अल्बम ऐकलेलाच नसतो, अशी माझी दाट शंका आहे.

तो कुठे आणि कुणी बनवला ते बघा. अलाबामा राज्यातलं शेफील्ड गाव, तिथला मसल शोल्स साउंड स्टुडिओ. निर्माते दोघे : जेरी वेक्सलर आणि बॅरी बेकेट. वेक्सलर म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय संगीताला ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव रूढ करणारा माणूस. गायिका अरीथा फ्रँकलिनच्या सोनेरी दिवसांमागचा निर्माता. तो जन्माने ज्यू आणि पक्का नास्तिक. डिलन त्याला बायबल समजावू लागला, तेव्हा ‘बाबा रे, मी बासष्ट वर्षांचा मुरलेला ज्यू नास्तिक आहे, माझ्यावर काही चालायचं नाही, आपण आपला अल्बम करू’ अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. हा किस्सा वेक्सलरनेच सांगितलेला आहे. गिटारवर होता डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश बँडचा मार्क नॉफ्लर, ड्रम्सवर त्याच बँडचा पिक विदर्स. सगळी गाणी देवाबद्दल आहेत हे कळल्यावर नॉफ्लरही चक्रावला होता. थोडक्यात, हा भाविकांनी भाविकांसाठी काढलेला भजनसंग्रह नाही. एकट्या गायकाच्या अंगात आलंय, भोवतीचे कसबी लोक शांतपणे आपलं काम करताहेत, आणि या ताणातूनच अल्बमला धार आली आहे.

‘प्रेशस एंजल’ हेडफोन लावून ऐका. नॉफ्लरची गिटार डिलनच्या ओळीवर कुरघोडी करत नाही. ओळ संपली की मोकळ्या जागेत दोन-तीन सूर टाकते आणि बाजूला होते. त्यात मसल शोल्सचा ब्रास मिसळला की गाणं हलकं होऊन तरंगायला लागतं. शब्द मात्र काळोख आणि युद्धाचे आहेत. शेवटचं ‘व्हेन ही रिटर्न्स’ त्याच्या अगदी उलट. नुसता बेकेटचा पियानो आणि डिलनचा गळा, तिसरं काही नाही. डिलनला गाता येत नाही म्हणणाऱ्यांना मी वाद न घालता हेच गाणं पाठवतो.

सगळ्यात जास्त थट्टा होते ती प्राण्यांच्या गाण्याची. ‘मॅन गेव्ह नेम्स टू ऑल द अ‍ॅनिमल्स’, रेगेच्या ठेक्यावर, बालवाडीत शोभेल असं. एकेका प्राण्याचं वर्णन, मग त्याचं नाव. अस्वल, गाय, डुक्कर. शेवटच्या कडव्यात काचेसारखा गुळगुळीत एक प्राणी सरपटत झाडाकडे जातो, यमक तयार असतं, आणि गाणं तिथेच तुटतं. सापाचं नाव डिलन घेतच नाही. ते ऐकणाऱ्याच्याच तोंडात येतं. बायबलमधली, एदेन बागेत सापाने भुलवल्यामुळे झालेल्या माणसाच्या पतनाची कथा बालगीतात लपवून तिचा शेवट श्रोत्याकडून वदवून घ्यायचा, हे बावळटपणाचं लक्षण असेल तर असा बावळटपणा आणखी लोकांनी करावा.

टीकाच करायची तर शीर्षकगीतावर करा. १९७९ चं तेलसंकट ऐन भरात असताना रेकॉर्ड केलेल्या ‘स्लो ट्रेन’मध्ये तेलवाल्या शेखांवर ज्या ओळी आहेत – दागिने मिरवणारे, नाकात नथ घातलेले, अमेरिकेचं भवितव्य युरोपात बसून ठरवणारे – त्या सरळसरळ परकीयद्वेषाच्या आहेत. एकेकाळी वर्णद्वेषावर बोट ठेवणाऱ्या माणसाला त्या शोभत नाहीत. जगबुडी आलीच म्हणून समजा, या सुरामागे त्या वेळी अमेरिकेत तुफान खपत असलेली हॅल लिंडसे या ख्रिस्ती लेखकाची भाकितं आहेत, आणि तो सूर आज कालबाह्य वाटतो. ‘गॉटा सर्व्ह समबडी’ तरी काय सांगतं? तू राजदूत अस की जुगारी, चाकरी कुणाची तरी करावीच लागेल. सैतानाची नाहीतर देवाची. तिसरा पर्याय नाही. यात सांत्वन फार थोडं आणि दटावणी भरपूर आहे. जॉन लेनन यावर इतका वैतागला की त्याने घरच्या टेपवर ‘सर्व्ह युअरसेल्फ’ नावाचं शिवराळ उत्तर गाऊन ठेवलं. लेननचा राग मला समजतो. पण तो गाण्याच्या आशयावर चिडला होता. अल्बम पडला म्हणून नव्हे.

श्रोते उठून गेले, हा मुद्दा अर्धा खरा आहे. १ नोव्हेंबर १९७९ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरात चौदा प्रयोग झाले. जुनं काही नाही म्हटल्यावर आरडाओरडा झाला, आणि गावातल्या दोन मोठ्या दैनिकांनी पहिल्याच प्रयोगाची मथळ्यापासून सालटी काढली. जगभर पोचलं ते हेच. पण त्याच महिन्यात सांता मोनिकात वर्ल्ड व्हिजन या संस्थेच्या मदतीसाठी झालेल्या प्रयोगांचं लोकांनी उत्साहाने स्वागत केलं. अ‍ॅरिझोनातल्या टेम्पीमध्ये मात्र विद्यार्थ्यांनी त्याला पुरतं छळलं, आणि डिलननेही परतफेड केली : रॉक अँड रोल हवंय ना, मग ‘किस’ बँडच्या मैफलीला जा, आणि नाचत नाचत नरकाच्या खड्ड्यापर्यंत पोचा! उपदेशकाचा हा उर्मटपणा असह्य होता, यात वाद नाही. पण हुर्यो हे अपयशाचंच लक्षण मानायचं तर १९६५-६६ चा डिलनही बाद करावा लागेल. इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली म्हणून मँचेस्टरमध्ये एका प्रेक्षकाने त्याला भर मैफलीत ‘जूडास’, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य, म्हटलं होतं.

समीक्षकही काही एका सुरात बोलत नव्हते. ग्रील मार्कसने नाक मुरडलं. ‘रोलिंग स्टोन’चा संपादक यान वेनर याने स्वतः लेखणी हातात घेऊन अल्बमची तोंडभरून स्तुती केली.

राहता राहिलं परतणं आणि मौन. नोव्हेंबर १९८० मध्ये पुन्हा वॉरफिल्डवर आला तेव्हा डिलनने जुनी गाणी परत घेतली, पण नवीही गात राहिला. १९८२-८३ च्या सुमारास लुबाविच पंथाच्या ज्यू रब्बींकडे त्याचं जाणं-येणं सुरू झालं, आणि मुलाच्या बार मित्झवासाठी, म्हणजे वयात येण्याच्या ज्यू विधीसाठी, गेला असतानाचे जेरुसलेममधल्या ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीपाशी काढलेले त्याचे फोटो छापून आले. हे सगळं खरं. पण त्यावरून ‘चूक कबूल केली’ हा निष्कर्ष काढणं म्हणजे आपल्याच मनातलं त्याच्या तोंडी घालणं. १९८० च्या शेवटी एका मुलाखतीत तो म्हणाला, मला खरोखर पुनर्जन्माचा अनुभव आला. १९८४ मध्ये म्हणाला, मी असं कधी म्हटलंच नाही, हा शब्द माध्यमांचा. पण बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ या जगाच्या अंताविषयीच्या पुस्तकावरचा विश्वास तेव्हाही बोलून दाखवला. १९९७ मध्ये म्हणाला, मला धर्म सापडतो तो गाण्यांत, रब्बी आणि उपदेशकांकडे नाही. पत्रकारांशी हा माणूस साठच्या दशकापासून असाच वागत आला आहे. त्याच्या एका विधानावर कुठल्याच बाजूने इमारत उभी करू नये, हे उत्तम.

गायल्याचे पुरावे मात्र ढीगभर आहेत. १९८६ मध्ये रॉक गायक टॉम पेटीच्या साथीने केलेल्या दौऱ्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात तो ‘इन द गार्डन’ हे येशूच्या अटकेवरचं गाणं म्हणतो, आणि त्याआधी सांगतो की हे माझ्या हीरोबद्दल आहे. १९९७ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला तेव्हा शर्ली सीझर या गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिसंगीत) गायिकेने त्याच्यासमोर ‘गॉटा सर्व्ह समबडी’ दणक्यात गायलं. २००३ मध्ये गॉस्पेल गायकांनी त्याच्या याच गाण्यांचा एक अल्बम केला. त्यात मेव्हिस स्टेपल्सबरोबर डिलन स्वतः आहे. ऐंशीचा झाल्यावर, २०२१ ते २०२४ च्या दौऱ्यांतही ‘गॉटा सर्व्ह समबडी’ यादीत होतं, आणि प्रयोगाचा शेवट व्हायचा ‘एव्हरी ग्रेन ऑफ सँड’ने, पडलेल्या ‘शॉट ऑफ लव्ह’मधल्या गाण्याने.

त्या काळातलं त्याने बाजूला ठेवलं, ते वेगळंच आहे. २०१७ मध्ये या वर्षांच्या ध्वनिमुद्रणांचा ‘ट्रबल नो मोअर’ नावाचा भलामोठा संच निघाला. सोबतच्या चित्रपटात १९८० च्या मैफलींची दृश्यं आहेत, गाणी मूळचीच आहेत. गाण्यांच्या मध्ये प्रवचनंही आहेत, पण ती डिलनची नाहीत. ती नव्याने लिहून घेतली आणि मायकेल शॅनन या नटाकडून म्हणवून घेतली आहेत.