तीन मिली

आज संध्याकाळी मनूला घेऊन कॉलनीच्या बागेत गेले होते. घसरगुंडीपाशी एक काकू भेटल्या, रोज फिरायला येतात, तोंडओळख आहे. "केवढ्याची गं?" मी म्हटलं बावीस महिने पूर्ण झाले. त्यांनी मनूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बावीस? वाटत नाही हो. तुला दूध नव्हतं का?"

घरी आले, स्वयंपाक केला, जेवणं झाली, मनू झोपली, आता साडेदहा वाजलेत आणि ते "तुला दूध नव्हतं का" अजून डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहितेय.

जे जवळचे आहेत त्यांना माहितीये, मनू तिसाव्या आठवड्यात झाली. सातारला. वजन १२४० ग्रॅम. माझं बीपी इतकं वाढलं होतं की डॉक्टर म्हणाले आता थांबता येणार नाही. सिझर झालं आणि तासाभरात तिला अँब्युलन्समधून पुण्याला न्यावं लागलं कारण इथे तिच्यासाठी व्हेंटिलेटर मोकळा नव्हता. नवरा तिच्यासोबत गेला आणि मी इथेच राहिले, टाके, सलाईन, आणि शेजारच्या कॉटवरच्या बाईचं बाळ रात्रभर रडतंय. मी माझ्या लेकीला धड पाहिलंही नव्हतं. एका हिरव्या कपड्यात काहीतरी गुंडाळून नेलं, एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला की आईचं दूध पाठवा, चीक असेल तर थेंब थेंब पाठवा पण पाठवा. सिस्टरनी हाताने पिळून काढायला शिकवलं. तास गेला त्यात. मी रडत होते, त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. वाटीत जमलं ते सिरिंजमध्ये ओढलं तर तीन मिली. तीन. चहाचा छोटा चमचासुद्धा पाच मिलीचा असतो.

भाऊजी दारात उभे होते थर्मास घेऊन. आमचा चहाचाच थर्मास, आईंनी (सासूबाईंनी) उकळत्या पाण्याने तीनदा धुतलेला, आत बर्फ. त्यांनी सिरिंजकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. चोवीस वर्षांचा मुलगा, त्याला काय कळणार. एसटीने स्वारगेटला गेले, ११० किलोमीटर, खंबाटकीच्या बोगद्याआधी ट्रक बंद पडला म्हणून दीड तास ट्रॅफिक, आणि अख्खा रस्ता थर्मास मांडीवर धरून. नंतर सांगत होते, "वहिनी, मोबाईलपण बाहेर काढला नाही, हात सुटेल म्हणून."

ते तीन मिली तिला दोन वेळा दिलं. दीड दीड मिली. तोंडात घातलेल्या नळीतून. कारण चोखायचं, गिळायचं आणि त्याच वेळी श्वास घ्यायचा हे तिन्ही एकत्र जमायला बाळाला पोटात साधारण चौतीस आठवडे लागतात, तिला ते येतच नव्हतं. अंगावर पाजणं ही लांबची गोष्ट, वाटी-चमचा सुद्धा तिला सव्वा महिन्याने जमला.

तर काकू, दूध होतं का? होतं. तीन मिली होतं.

आणि जिथे माझं पुरलं नाही तिथे दुसऱ्या आयांचं होतं. पहिले काही दिवस तिला मिल्क बँकेतलं दूध दिलं. कुठल्या बाया, कुठल्या जातीच्या, कुठल्या गावच्या, मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही, मी रोज रात्री त्यांच्यासाठी हात जोडते. मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मिल्क बँक सुरू केली, आशियातली पहिली. मला हे आधी माहीत नव्हतं. आपल्याकडे बाळंतविड्यात काय द्यायचं यावर तासभर बोलतात, पण दूध जास्त असेल तर ते दान करता येतं हे एकही बाई सांगत नाही. माझ्या एका नातेवाईक बाईने तर "दुसरीचं दूध? अगं गुण लागतात" असं फोनवर सांगितलं. लेक व्हेंटिलेटरवर असताना! तिच्याशी मी अजून बोलत नाही, बोलणारही नाही.

मान्य, सगळे वाईट मनाने विचारत नाहीत. काकूही नसतील.

पण मला थकायला होतं हो. "किती महिन्यांची" या साध्या प्रश्नाला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. जन्मतारखेने बावीस. डॉक्टरांच्या हिशोबाने साधारण पावणेवीस, कारण दहा आठवडे ती लवकर आली आणि बसणं-चालणं-बोलणं मोजताना दोन वर्षांपर्यंत ते दहा आठवडे वजा करायचे असतात. (लसी मात्र जन्मतारखेनेच, ते वजा करायचं नाही, नव्या आयांनी हे लक्षात ठेवा.) बागेत उभं राहून हे गणित कुणाला सांगायचं? आणि का सांगायचं? ती सोळाव्या महिन्यात चालली तेव्हा मी आनंदाने फोन केले तर पलीकडून "आत्ता? आमचा अकराव्यात पळत होता." पळू दे की बाबा तुमचा. माझी त्रेचाळीस दिवस काचेच्या पेटीत होती. डोळ्याचा पडदा नीट वाढतोय का ते बघायला तिच्या पापण्या क्लिपने उघड्या धरल्या होत्या, मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसून तिचा आवाज ऐकत होते. आवाज कसला, मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी.

आणि वजन. वजनाबद्दल मला कुणी काही शिकवू नये. पहिल्या आठवड्यात ११५० वर आली होती. मग रोज सकाळी नवऱ्याचा मेसेज, "+१५". "+२०". एकदा "-१०" आला तर त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. डॉक्टरांनी कांगारू केअर सांगितली, बाळाला उघड्या छातीवर घेऊन बसायचं. कोलंबियात बोगोटाच्या हॉस्पिटलात १९७८ च्या सुमारास इनक्युबेटर पुरेना म्हणून हे सुरू झालं म्हणे. माझी कंबर भरून आली की नवरा शर्टाची बटणं काढून बसायचा. आणि घरी आल्यावर आई. साठी उलटलेली बाई, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, ती ब्लाऊजची बटणं सोडून मनूला छातीशी धरून दोन-दोन तास भिंतीला टेकून बसायची, हलायची नाही, पाय मुंग्या येऊन बधिर व्हायचे तरी.

खरं सांगायचं तर "खाल्लं का, किती खाल्लं, वजन केलं का" हे घरात सगळ्यात जास्त आईच विचारतात आणि मी त्यांच्यावरही चिडते. परवाही चिडले. मग त्या रात्री भांडी विसळताना त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, आठव्या महिन्यात. दोन दिवस होती. घरात कापसात गुंडाळून ठेवली होती. आणि गावातल्या बायका म्हणाल्या, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, तुझं नशीब." किती खोटं आहे हे! पोटातला एकेक आठवडा बाळाला बळ देतो, आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जगायची शक्यता जास्तच असते. त्या लेकराला ऊब हवी होती, दूध हवं होतं, कुणीतरी छातीवर धरायला हवं होतं. ते न देता म्हण दिली. पस्तीस वर्षं ती म्हण त्या बाईने पोटात ठेवली आणि मनूला छातीवर घेऊन बसताना एका शब्दाने बोलल्या नाहीत.

मी त्यांना काही म्हणू शकले नाही. ताटं पुसत राहिले.

तो थर्मास अजून आमच्या फडताळात आहे. त्यात कुणी चहा भरत नाही. मी म्हटलं होतं मध्ये एकदा, सहलीला नेऊया, तर आई म्हणाल्या, "नको, दुसरा घेऊ."

मनूचं वजन आज नऊ किलो दोनशे आहे. तिला वरण-भात आवडतो, केळं नको असतं, काऊ, भूभू, दे, नको आणि "काका" म्हणता येतं. काका आले की धावत दारात जाते आणि त्यांच्या मांडीवरून उतरत नाही.

उद्या संध्याकाळी बागेत जाणारच आहोत. काकू दिसल्या तर त्यांना बाकावर बसवून हे सगळं सांगायचं ठरवलंय, न चिडता. बघू जमतं का.

उठली वाटतं. दुदू मागतेय. जाते.