आधी पार्ट मिळतात का बघा, वेग नंतर

रिमोटवर चालणाऱ्या आरसी गाड्यांवरच्या लेखात नवख्यांना सांगितलंय, पहिलीच गाडी थेट ब्रशलेस (जास्त वेगवान मोटरची) घ्या. हा सल्ला काही पटला नाही. नवख्याच्या हातात एवढा वेग म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. साध्या ब्रश्ड मोटरचा, १/१० स्केलचा (खऱ्याच्या दहाव्या हिश्शाएवढा) टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे दोनच चाकांना ताकद मिळणारा ट्रक बघा, ट्रॅक्सस कंपनीच्या स्लॅशसारखा. त्याच्या एक्सएल-५ स्पीड कंट्रोलला (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ट्रेनिंग मोड आहे, ताकद निम्म्यावर येते. घरातली पोरंही चालवतात मग.

खरी गोम सुट्या पार्टची. पुढचा सस्पेन्शन आर्म (चाक धरून ठेवणारा प्लास्टिकचा दांडा) कधीतरी तुटणारच, फुटपाथच्या कडेची एक धडक पुरे. तो भारतात सुटा मिळतो का, हे पैसे भरायच्या आधी शोधा. नाहीतर प्लास्टिकच्या एका तुकड्यापायी अख्खी गाडी माळ्यावर.

आणि हो, मोटर परत बसवताना पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) आणि स्पर गिअर (त्याला जुळणारं मोठं चाक) यांच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, स्क्रू आवळा, मग पट्टी ओढून काढा. तेवढी फट हवीच.

लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी मात्र लेखात एका ओळीत आटपलीये! सगळे सेल सारखे चार्ज करणारा बॅलन्स चार्जरच घ्या, चार्जिंगला लावून झोपू नका, आणि काही आठवडे वापरणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.