नवी गाडी आणि रुंद टायर: त्या मेसेजबद्दल खुलासा

दसऱ्यापासून नाशिकच्या रायडर ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘नवी बाईक पहिले १००० किमी ४० च्या एकाच वेगात चालवा, आणि मागे एक साइज रुंद टायर टाका, कसारा घाटात ग्रिप वाढते.’ मीही तो दोन ग्रुपांवर टाकला होता. नंतर गाडीचं मॅन्युअल नीट वाचलं. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, म्हणून हे लिहितोय.

रनिंग-इनमध्ये, म्हणजे नवं इंजिन रुळण्याच्या सुरुवातीच्या काळात, एकाच वेगावर अडकून राहायचं नसतं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरमध्ये नीट बसायला इंजिनावरचा भार कमी-जास्त व्हावा लागतो. गंगापूर रोडवर गिअर बदलत, मध्यम आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) चालवा. वरच्या गिअरमध्ये अगदी हळू चालवून इंजिन गुदमरवू नका, पूर्ण थ्रॉटलही देऊ नका. किती किमीपर्यंत किती वेग, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं. मॅन्युअलमध्ये दिलेलंच धरा. पहिली सर्व्हिस मात्र चुकवू नका, कारण सुरुवातीचा धातूचा बारीक कीस ऑइलमध्येच उतरतो.

टायरचं जास्त गंभीर आहे. टायरवर लिहिलेलं १००/९०-१७ म्हणजे रुंदी १०० मिमी, टायरच्या बाजूची उंची तिच्या ९० टक्के, रिम १७ इंची. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो आवळला जातो, त्याची गोलाई बदलते आणि वळणावर गाडी अपेक्षेप्रमाणे झुकत नाही. कधी चेनलाही घासतो. शिवाय कोरा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, त्यामुळे पहिले दीडेकशे किमी जपूनच, ओल्या घाटात तर नक्कीच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा पाठवा.